परतलेला ओवा

केराक्कानं दादाच्या कपाळाला अंगारा लावला आणि तो तिथंच ओला होऊन भुवईपर्यंत ओघळला. तिनं बोट पुन्हा कपाळावरून फिरवलं, बोटाकडं पाहिलं, मग दादाच्या मुठीत उरलेला ओवा काढून घेतला आणि आपल्या खांद्यावरून मागं भिरकावून दिला.

“ओवा परतला,” ती म्हणाली. “देवीनं घेतला न्हाई. ज्योतीराम, आता घरला जायचं न्हाई. हितनंच दवाखान्यात जायचं.”

मी कुंपणाबाहेर सायकल धरून उभा होतो. शाळेला कसल्याशा जयंतीची सुट्टी होती, म्हणून निवांत फिरत आलो होतो, आणि बघतो तर काय, माझा सख्खा भाऊ लिंबाखालच्या दगडावर बायकांच्या ओळीत मांडी घालून बसलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आदल्याच दिवशी मी आठवीच्या वर्गात अंधश्रद्धेवर तासभर घसा फोडून बोललो होतो.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा. बोरजाईच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारा, गावातला पहिला बी.एस्सी., आणि म्हणूनच गावातला सगळ्यात असह्य माणूस. हे शेवटचं आज म्हणतो. तेव्हा मला बाकीचं गाव असह्य वाटायचं. माणसं कशी जेवतात, कशी खोकतात, कशाला हात जोडतात, सगळ्याचा मला वीट होता. एक दादा सोडून. वडील गेले तेव्हा तो चौदाचा होता. त्यानं शाळा सोडली, नांगर धरला आणि मला शिकवलं. कॉलेजात असताना मला दर पंधरवड्याला त्याच्या हातची पोस्टकार्डं यायची, त्यांत एकच वाक्य असायचं, नीट जेव आणि नीट शिक. त्या माणसाला एका निरक्षर म्हातारीनं कपाळाला राख फासून बसवलेलं मला बघवेना.

आमच्या गावात ओव्याला पोटाचं औषध म्हणून कमी आणि राखणदार म्हणून जास्त मान होता. बाळाच्या पाळण्याला ओव्याची पुरचुंडी, बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओव्याची धुरी, नव्या बैलावरून चिमूटभर ओवा उतरून टाकायचा, नवरीच्या पदराच्या गाठीत ओवा. दिवे लागल्यावर शेजारणीला ओवा उसना द्यायचा नाही, घरातली झोप तिच्याकडं जाते म्हणे. माझ्याच घरात शालन, माझी बायको, पोराला सर्दी झाली की तव्यावर ओवा गरम करून फडक्यात बांधायची आणि त्याच्या छातीला शेक द्यायची. इथवर मला मान्य होतं. पण शेकून झालं की तो ओवा ती तिठ्यावर टाकून यायची. मग ती सर्दी तिठ्यावर उभी राहून दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघते का, असं मी विचारायचो. ती भाकरी थापत राहायची.

या सगळ्या खुळाची राणी म्हणजे केराक्का. परसात चार वाफे ओवा लावायची. दर मंगळवारी लिंबाखाली सूप घेऊन बसायची, ओव्यावर काहीतरी पुटपुटायची आणि पोट धरून आलेल्या माणसाला मिठासकट कोमट पाण्याबरोबर द्यायची. मग उदबत्ती लावायची. उदबत्ती विझेपर्यंत त्या दगडावरून उठायचं नाही, हा नेम. मधूनमधून ती अंगारा लावायच्या निमित्तानं कपाळ चाचपायची, हात हातात धरून बसायची. ढेकर आला, बरं वाटलं, तर देवी पावली. नाही वाटलं तर ओवा परतला. आणि ओवा परतलेला माणूस घरी गेला तर घरादारावर कोप होतो, म्हणून त्याला थेट तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं. त्यासाठी तिचा भाचा सर्जेराव दर मंगळवारी जीप घेऊन कुंपणाशी उभा असायचा.

मला या व्यवस्थेचं हसू यायचं. बरं झालं तर देवीचं नाव आणि नाही झालं तर डॉक्टरच्या गळ्यात. इतकी सोय तर कुठल्या वकिलानंही करून ठेवली नसेल. ती कुणाकडून काही घ्यायची नाही, हे लोक मला ऐकवायचे. मी म्हणायचो, गाव पाया पडतंय, आणखी काय घ्यायचं.

त्या दिवशी मी सायकल कुंपणाला लावली आणि आत जाऊन दादाचा दंड धरला. दादा ओशाळला. म्हणाला, दोन दिवस छातीच्या खाली जड जड वाटतंय, म्हणून आलो. सर्जेरावनं जीप सुरू केली होती. दादाचा एक पाय तिकडं वळलाही होता.

“मास्तर, न्हेऊ द्या त्याला,” केराक्का म्हणाली.

मी गावचाच. लहानपणी तिनं मला नावानं हाका मारलेल्या. पण मी नोकरीला लागल्यापासून ती मला मास्तर आणि तुमी म्हणायची, आणि त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मला कधी कळलं नाही.

मी तिला सगळ्यांसमोर विचारलं की दवाखान्यात जायचं हे देवीनं सांगितलं का. ती म्हणाली, व्हय. मग मी दादाकडं वळलो.

“देवीच्या हुकमानं दवाखान्यात जाणार असशील तर माझ्या शिक्षणावर थुंक आणि जा. जायची गरज असेल तेव्हा मी सांगेन.”

दादाला दवाखान्याची मनापासून भीती होती. सुई बघितली तरी तो पांढराफटक पडायचा. मी हे बोललो आणि त्याच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. माझ्या शब्दासाठी थांबला असं मी तेव्हा धरलं आणि मला बरं वाटलं.

घरी आणून मी त्याला आडवं केलं. शालननं ताक दिलं. संध्याकाळपर्यंत त्याला चांगलं वाटायला लागलं आणि तो गुरांना वैरण टाकून आला. मी वहिनीला म्हणालो, बघा तुमच्या देवीचा कोप. दादा हसला, आणि माझ्या डोक्यात पुढच्या मंगळवारचा बेत तयार झाला.

पुढच्या मंगळवारी मी दोन पुरचुंड्या घेऊन गेलो. एकीत केराक्काचा मंतरलेला ओवा, तिनं मूठ रिकामी करण्याआधी दादानं खिशात टाकलेला. दुसरीत वाण्याकडचा. गिरणीवाला दशरथ शिंगटे आणि आणखी पंधरावीस माणसं मी मुद्दाम बोलावली होती. दशरथला असला तमाशा फार आवडायचा. गिरणी बंद करून पिठानं माखलेल्या अंगानंच आला होता.

मी दोन्ही पुरचुंड्या तिच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणालो, यातला तुझा कोणता ते सांग. तिनं दोन्ही उघडल्या, चिमूट चिमूट चोळून वास घेतला.

“दोनी ओवाच हाय,” ती म्हणाली.

दशरथ असा हसला की झाडावरचे कावळे उडाले. त्याचं बघून सगळे हसले. मग मी पोट फुगलेली एक बाई पुढं घेतली, वाण्याकडचा ओवा तिला मिठाबरोबर खायला दिला, वर कोमट पाणी. उदबत्ती नाही, मंत्र नाही, अंगारा नाही. दहा मिनिटांत बाईनं असा ढेकर दिला की पुन्हा हशा. मी तिथंच लहानसं व्याख्यान ठोकलं. ओव्यात एक तेल असतं, त्यानं वायू सरतो, ते तेल देवी घालत नाही, ओवा घालतो. चिमूटभर ओवा, चिमूटभर मीठ, कोमट पाणी, आपापल्या घरी. कुणाच्या दारात बसायची गरज नाही. हे मी तीनदा म्हणालो आणि तिसऱ्यांदा लोक माझ्याबरोबर म्हणाले.

केराक्का सूप मांडीवर घेऊन ऐकत होती. मला वाटलं शिव्या देईल, अंगात आणेल, केस मोकळे सोडेल. मी त्याचीही तयारी करून आलो होतो. तिनं तसलं काही केलं नाही.

“मग ह्यांच्यापाशी बसणार कोन, मास्तर?” तिनं विचारलं. “तुमी?”

बसायचंच नाही, हेच तर सांगतोय, मी म्हणालो. बिनडोक बाई, एवढं समजावलं तरी तिच्या डोक्यात शिरत नाही, असं मला वाटलं. तिनं सूप उचललं आणि ती आत गेली. त्यानंतर ती कधी लिंबाखाली बसली नाही. सर्जेराव जीप घेऊन दुसऱ्या गावच्या बाजाराला जायला लागला. मी शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, चिमूटभर ओवा, चिमूटभर मीठ, कोमट पाणी, आणि खाली सही केली, श्रीरंग बाबर, बी.एस्सी. फळ्यावर सही करणारा माणूस कसा असतो ते तुम्हीच समजून घ्या.

माघात शाळूची काढणी चालली होती. रविवार होता. मी सोप्यात वह्या तपासत बसलो होतो. अकराच्या सुमाराला दादा रानातून एकटाच परत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या अंगातला सदरा ओला होता. उन्हातून आलाय, मी म्हणालो. तो म्हणाला, छातीच्या खाली पुन्हा जड झालंय, आणि डावा हात भरून आलाय. पहाटेपासून शाळू उपटल्यावर हात भरून येणार नाही तर काय होणार, असं मीच त्याला सांगितलं.

वहिनी आतून आल्या. त्यांनी दादाच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “भाऊजी, केराक्काला बोलावू का?”

“त्या बाईचं नाव या घरात काढू नका,” मी म्हणालो.

मी स्वतः उठलो. चिमूटभर ओवा, चिमूटभर मीठ, कोमट पाणी. माझ्या हातानं मी ते त्याला दिलं, कारण गावाला सांगितलेली गोष्ट घरात करून दाखवायची मला हौस होती. दादानं लहान पोरासारखा तोंडाचा आ केला. ओवा चावताना त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. मी टॉवेलनं पुसला. पुसला की पुन्हा येत होता. मी तीन वेळा पुसला आणि मग टॉवेल त्याच्याच हातात देऊन वह्यांकडं वळलो.

अर्ध्या तासानं तो म्हणाला, “श्रीरंगा, ढेकर येईना.”

मी आणखी एक चिमूट दिली. तो म्हणाला, दवाखान्यात जाऊ या का. सुईला घाबरणारा माणूस स्वतःहून म्हणाला, आणि तरीही माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. मी म्हणालो, गॅससाठी तालुक्याला गेलो तर डॉक्टर हसतील, थोडा वेळ बस, सरेल.

“तू म्हणतोस तर बसतो,” दादा म्हणाला.

ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. सव्वा वाजता वहिनींनी जेवायला हाक मारली तेव्हा तो भिंतीला टेकलेलाच होता, पण मान खांद्यावर पडली होती. वहिनी अनवाणी सर्जेरावच्या घराकडं पळाल्या. नशिबानं तो बाजारातून जेवायला आला होता. आम्ही दादाला जीपमध्ये आडवं घातलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळे उघडून पाहिले आणि नळी काढून गळ्यात टाकली. माझ्याच वयाचे होते. दुखायला कधी लागलं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अकराला. त्यांनी घड्याळात पाहिलं.

“इतका वेळ काय करत होता?”

“ओवा दिला होता,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. शर्ट, खिशातलं पेन, चष्मा.

“शिकलेले दिसता तुम्ही,” ते म्हणाले आणि कागद लिहायला बसले.

ती नजर मी ओळखली. केराक्काच्या अंगणात मी ज्या नजरेनं उभा होतो तीच ती. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर पडली आणि मला खाली बघावं लागलं.

माती देऊन आलो त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नव्हती. आमच्याकडं अशा वेळी शेजारची माणसं भाकरी आणून घरच्यांना बळंबळं घास भरवतात, त्याला कडू घास म्हणतात. केराक्का भाकरी आणि पिठलं घेऊन आली. तिनं वहिनींना भरवलं, शालनला भरवलं, मग माझ्यापुढं येऊन बसली. मला वाटलं ही आता बोलेल. मला हवंच होतं, तिनं बोलावं, शिव्या घालाव्यात. तिनं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून माझ्या तोंडाशी धरला, आणि मी तोंड फिरवलं. तशीच ती घास धरून बसली, मी तो खाईपर्यंत. मग उठून गेली.

तेराव्यानंतर मी तिच्या घरी गेलो. ओव्याच्या वाफ्यांत गवत माजलं होतं. ती शेंगा फोडत होती. बस म्हणाली नाही, मी आपणच बसलो. मी विचारलं, त्या मंगळवारी दादाचं तुला काय कळलं होतं.

“मला काय कळतंय,” ती म्हणाली. “माझा मालक असाच ग्येला. गॅस हाय म्हनून समद्यांनी ओवा चारला आन् निजवला. थंडगार घाम व्हता त्येच्या कपाळाला. तवापासनं मी घाम बघती. अंगारा कोरडा ऱ्हायला तर माणूस घरला जातंय. ओला झाला तर न्हाई.”

मी विचारलं, मग हे सरळ का सांगत नव्हतीस, देवीचं सोंग कशाला.

“सरळ सांगितलं की. चार वरीस सांगितलं. इधवा बाईनं दवाखान्यात जा म्हनलं तर कोन जातंय? खुरपणी सोडून, बैल सोडून? देवीनं ओवा परतवला म्हनलं की घाबरून जात्यात. मंतर ओव्याला नव्हता, उदबत्ती इझंस्तवर माणूस माझ्या नजरंसमुर बसावं म्हनून व्हता.”

मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि लाज वाटली म्हणून मी ते धरले नाहीत. इतकंच म्हणालो की पुन्हा बस, पुढच्या मंगळवारी बस, मी स्वतः गावाला सांगेन, मी चुकलो म्हणेन, देवी खरी म्हणेन.

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग इतक्या वर्षांनी मला पुन्हा नावानं हाक मारली.

“आता माझा ओवा परतंल कसा, श्रीरंगा? त्यो तू वाण्याचा करून ठिवलास. वाण्याचा ओवा कुटं परतत असतो?”

मी उठलो. सायकल नेली नव्हती, चालत निघालो. गिरणीवरून जाताना आत पट्टा नुसताच फिरताना दिसला, दळण पडत नव्हतं. दशरथ बाहेर पोत्यावर बसला होता, एक हात छातीखाली दाबून. मला बघून उठायला गेला आणि परत बसला. म्हणाला, सकाळपासनं गॅसनं जीव नको केलाय. बायको दवाखाना दवाखाना करतीय, तिला म्हनलं गप, आपल्या सरांनी औषध सांगितलंय. मुठीतला ओवा त्यानं मला दाखवला, कौतुकानं.

मी त्याच्या कपाळाकडं पाहिलं. गिरणीतलं पीठ उडून बसलं होतं ते घामानं भिजून त्याची कणीक झाली होती आणि ती भुवईवर ओघळत होती.

मी त्याची मूठ धरली, ओवा काढून घेतला आणि माझ्या खांद्यावरून मागं भिरकावून दिला.

“दशरथ, ओवा परतला,” मी म्हणालो. “देवीनं घेतला नाही. घरी जायचं नाही, इथूनच दवाखान्यात जायचं.”

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग हसला, अगदी त्या दिवशी केराक्काच्या अंगणात हसला होता तसा. मी रस्त्यात उभा राहून सर्जेरावला हाका मारायला लागलो, तसं त्याला आणखी हसू आलं. छाती धरून धरून तो हसत होता. सर, तुमच्याकडनं लई शिकलो, म्हणाला, पण नक्कल म्हातारीची झकास करता. आणि दुसऱ्या खिशात हात घालून त्यानं आणखी एक चिमूट तोंडात टाकली.